गुहागर-चिपळूण-रत्नागिरी भागात दातांचे डॉक्टर कसे निवडावेत? रूट कॅनल, कॅप, ब्रिज यांची माहिती हवी

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. माझी आई हेदवीजवळच्या एका वाडीत एकटी राहते. वय ६७, मधुमेह आहे, गोळ्या नियमित चालू आहेत. मी डोंबिवलीत.

तिची खालची डाव्या बाजूची दाढ गेले काही आठवडे ठणकतेय. सुरुवातीला थंड पाणी लागलं की कळ यायची आणि जायची. आता चहाचा घोट घेतला तरी कळ सुरू होते आणि बराच वेळ थांबत नाही. रात्री झोप लागत नाही. शेजारच्या काकूंनी लवंगेचं तेल दिलं, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

भाऊ तिला दोन ठिकाणी दाखवून आला. एका डॉक्टरांनी सांगितलं, रूट कॅनल करून कॅप बसवू, दाढ वाचेल. दुसऱ्यांनी सांगितलं, काढून टाका, नंतर ब्रिज करू. आई म्हणते, "ह्या वयात कशाला तो खर्च नि हेलपाटे, काढूनच टाकूया." वाडीतले सगळे तिच्याच बाजूचे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, ह्या उपचारांमध्ये नेमकं काय करतात. दोन, त्या बाजूला चांगला डॉक्टर ओळखायचा कसा. कृपया इथे कुठल्याही डॉक्टरांचं नाव किंवा नंबर देऊ नका, निवडायचं कसं ते सांगा. म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या वाचकांनाही उपयोग होईल.

जेटीवरचा

ताई, मी त्याच पट्ट्यातला. हेदवीहून तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. गुहागरला जा, नाहीतर शृंगारतळीमार्गे चिपळूणला जा, किंवा तवसाळच्या जेटीवरून फेरीबोटीनं जयगडला उतरून रत्नागिरी गाठा. चिपळूण नि रत्नागिरीत दवाखाने जास्त आहेत, वेगवेगळ्या विषयांतले स्पेशालिस्टही मिळतात. पण मी तुम्हाला आधी गुहागर बघायला सांगेन. रूट कॅनल एका फेरीत संपेलच असं नाही, नंतर कॅपचं माप, मग कॅप बसवणं, मग काही टोचलं-बोचलं तर पुन्हा जाणं. पावसात एसटीनं एवढं अंतर एकट्या बाईमाणसानं किती वेळा करायचं? जवळचा डॉक्टर नीट असेल तर तोच खरा.

चिपळूणच्या पुढे खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे. तिथे विद्यार्थी काम करतात, पण शिकवणारे डॉक्टर प्रत्येक टप्पा तपासतात. खाजगीपेक्षा खर्च कमी येतो, वेळ मात्र जास्त जातो. सकाळी गेलेला माणूस दुपारशिवाय सुटत नाही. कवळी करायची असेल किंवा बऱ्याच दातांचं काम असेल तर तिथे जरूर जावं. आईंच्या एका दाढेसाठी एवढं लांब नको, हे माझं वैयक्तिक मत.

सरकारीतही बघा. उपजिल्हा रुग्णालयांत, काही ग्रामीण रुग्णालयांतही दातांचे डॉक्टर असतात. तपासणी, दाढ काढणं, साधं सिमेंट भरणं ही कामं तिथे होऊ शकतात. मात्र डॉक्टर कुठल्या वारी असतात ते फोन करून विचारूनच निघा.

अबोली

मी स्वतः दंतवैद्य आहे, सिंधुदुर्गात प्रॅक्टिस करते. न बघता निदान करणं योग्य नाही, पण तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की त्यांचा अर्थ सांगता येईल.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल, त्याच्या आत डेंटिन, आणि मध्यभागी नस, रक्तवाहिन्या असलेला मऊ गाभा, ज्याला आम्ही पल्प म्हणतो. कीड इनॅमलमध्ये असेपर्यंत दुखत नाही. डेंटिनपर्यंत आली की थंड, गोड लागतं, पण काढून घेतल्यावर लगेच थांबतं. ह्या टप्प्यावर कीड साफ करून सिमेंट भरलं की काम होतं. थंडाची कळ जाऊन गरमाची यायला लागली, ती थांबेना, रात्री आडवं झाल्यावर वाढली, तर बहुतेक वेळा पल्पला कायमची सूज आलेली असते. मग नुसतं भरून भागत नाही. दोनच रस्ते उरतात, रूट कॅनल किंवा दाढ काढणं. म्हणून तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन वेगळी मतं दिली. दोघांपैकी कुणी फसवतंय असं लगेच धरून चालू नका.

निर्णय कशावर ठरतो? दाढेचा किती भाग शिल्लक आहे, मुळाला तडा आहे का, हिरडीखालचं हाड किती उरलंय आणि दाढ हलते का. हे एक्स-रेवर आणि तपासणीत कळतं. हाड भक्कम असेल, दाढ हलत नसेल आणि कॅपला धरायला पुरेसा दात असेल तर ६७ हे वय दाढ काढायचं कारण होऊ शकत नाही. मी सत्तरीच्या पुढच्या माणसांच्या रूट कॅनल नेहमी करते. उलट ह्याच वयात चावायची दाढ गेली की माणूस भाकरी सोडतो, भाजी सोडतो, पेज-भातावर येतो, आणि मधुमेह्याला नुसता भात परवडत नाही.

रूट कॅनलमध्ये दाढ बधिर करून वरून छोटं भोक पाडतात, आतला सुजलेला किंवा मेलेला पल्प काढतात. मुळांमधल्या बारीक नळ्या, म्हणजे कॅनल, अगदी बारीक सुयांसारख्या फाइल्सनी घासून रुंद करतात आणि औषधी पाण्यानं धुतात. त्यासाठी साधारणपणे सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. नळ्या कोरड्या करून गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थानं भरून बंद करतात. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन-चार नळ्या असतात, म्हणून पुढच्या दातापेक्षा तिला वेळ लागतो. संसर्ग फार नसेल तर एका बैठकीत होतं, पू असेल तर मध्ये औषध भरून दोन-तीन बैठका.

मधुमेहाबद्दल: अलीकडचा एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट सोबत न्या. सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या चुकवू नका. दाताच्या कामाला उपाशी जायचं असतं असा गावाकडे समज आहे, आणि मधुमेही माणूस उपाशी खुर्चीत बसला की साखर उतरून घाम फुटतो, चक्कर येते. साखर फार वाढलेली असेल तर दाढ काढल्यावरची जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा काढणं म्हणजे सोपं काम असंही नाही. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं: हिरड्यांचा जुना संसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपणहून बंद करू नका. डॉक्टरांना आधी सांगा, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतील.

आणि एक गोष्ट ठळक सांगते. गालावर सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला त्रास व्हायला लागला किंवा जबड्याखाली गळ्याकडे सूज उतरली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्या. दाढेचा पू गळ्यात उतरला तर श्वास अडकू शकतो.

रायवळ

अबोलीताईंच्या प्रतिसादाला अनुमोदन. निवडायचं कसं, त्यावर थोडं लिहितो, कारण वडिलांच्या कामासाठी मी बऱ्याच दवाखान्यांत बसलोय.

पहिली गोष्ट नोंदणी. दातांचा डॉक्टर बीडीएस असतो, चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. पुढे एमडीएस म्हणजे त्यातला एखादा विषय. कायद्यानुसार राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही दातांवर उपचार करता येत नाहीत. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, नसेल तर विचारायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट, हत्यारं. ऑटोक्लेव्ह आहे का ते बघा. त्यात दाबाखालची वाफ १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं हत्यारांवर सोडतात. हत्यारं सीलबंद पाकिटातून तुमच्या समोर उघडली पाहिजेत. त्या पाकिटावर एक खूण असते, ती वाफेनं रंग बदलते. नुसतं उकळत्या पाण्यात बुडवून काढणं पुरेसं नाही. प्रत्येक रुग्णाला नवी सुई, नवे हातमोजे. आपल्याकडे वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर आहे का हेही विचारून ठेवा, अर्धी दाढ उघडी असताना लाइट गेली तर पंचाईत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डॉक्टर एक्स-रे स्क्रीनवर दाखवून "ही बघा कीड, इथपर्यंत आली आहे" असं समजावतात का? दाढ काढायचा पर्याय आणि वाचवायचा पर्याय दोन्ही सांगतात का? खर्च कागदावर लिहून देतात का? रूट कॅनलचे पैसे वेगळे आणि कॅपचे वेगळे, हे बहुतेकांना मागाहून कळतं आणि मग भांडणं होतात. पोस्ट, म्हणजे कॅपला आधार म्हणून मुळात बसवायचा बारीक खांब, लागला, पुन्हा एक्स-रे लागला, तर त्याचं काय, तेही आधीच विचारा. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसी दातांचा नेहमीचा खर्च देत नाहीत.

छोट्या गावांत आणखी एक पद्धत आहे. दवाखाना स्थानिक बीडीएस डॉक्टरांचा आणि आठवड्यातल्या ठरलेल्या वारी कोल्हापूरहून किंवा रत्नागिरीहून रूट कॅनलचे, वेड्यावाकड्या दातांचे स्पेशालिस्ट येतात. ही सोय चांगली आहे. फक्त मध्येच दुखलं तर कोण बघणार ते विचारा. रोजचे डॉक्टर बघणार असतील तर बिनधास्त जा.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताई, आईची मुख्य भीती इंजेक्शनची आहे. शिवाय तिला कुणीतरी सांगितलंय की दाढ काढली किंवा नस मारली की नजर जाते. आणि कॅप बसवलीच पाहिजे का? रूट कॅनल करून तसंच ठेवलं तर चालणार नाही का? ती म्हणते, दुखायचं थांबलं की झालं.

अबोली

नजरेचं आधी. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगवेगळ्या आहेत. वरची दाढ काढून नजर जात नाही, खालची तर नाहीच. चष्म्याचा नंबर वाढायचं वय आणि दाढा पडायचं वय साधारण एकच असतं, म्हणून लोकांनी त्या दोन गोष्टी जोडल्या आहेत.

इंजेक्शनमध्ये बहुधा लिग्नोकेन असतं. खालच्या दाढेसाठी नसेच्या मुळाशी देतात, त्यामुळे अर्धा ओठ आणि जिभेची एक बाजू दोन-चार तास बधिर राहते. सुई टोचताना क्षणभर कळ येते. आधी बधिर करणारी जेल लावायला सांगा. बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नये, गरम चहा तर नकोच, ओठ चावला गेला तरी कळत नाही. फार सुजलेल्या दाढेत कधी कधी एका इंजेक्शननं पूर्ण बधिर होत नाही. आईंना सांगून ठेवा, दुखलं तर डावा हात वर करायचा, डॉक्टर थांबतील आणि आणखी औषध देतील. सहन करत बसायचं नाही.

कॅपबद्दल अगदी स्पष्ट सांगते: चावायच्या दाढेला कॅप हवीच. कीड आणि वरून पाडलेलं भोक यांमुळे दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. सुपारी, हाड, खडा काहीही दाताखाली आलं की उभी चीर जाते, आणि चीर मुळापर्यंत गेली की ती दाढ कुणालाही वाचवता येत नाही. दुखणं थांबलं म्हणून कॅप न बसवता गेलेले रुग्ण वर्षा-दोन वर्षांत फुटलेली दाढ घेऊन येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण सगळा खर्च आणि त्रास वाया गेलेला असतो.

कॅपसाठी दाढ सगळ्या बाजूंनी थोडी घासून लहान करतात, माप घेतात, लॅबमधून कॅप बनून येते. पूर्ण धातूची कॅप सर्वांत टिकाऊ, स्वस्त, आणि तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. मागच्या दाढेला दिसण्याचा प्रश्न नसेल तर मी आनंदानं सुचवते. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप दातासारखी दिसते, पण सिरॅमिकचा टवका उडू शकतो आणि पुढे हिरडीजवळ काळी रेघ दिसते. झिरकोनियाची, म्हणजे धातू नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकची कॅप मजबूत आणि दिसायलाही चांगली, पण महाग. "बेस्ट कोणती" असं विचारण्यापेक्षा "माझ्या ह्या दाढेला कोणती आणि का" असं विचारा.

आता ब्रिज. दाढ काढली तर तिच्या शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला असतो. म्हणजे एक दाढ गेली म्हणून दोन चांगले दात घासायचे. कधी कधी ते करावंच लागतं, पण जी दाढ वाचण्यासारखी आहे ती काढून ब्रिज करणं मला पटत नाही. इम्प्लांटमध्ये जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, मग वर दात. शेजारच्या दातांना हात लागत नाही, हा मोठा फायदा. पण हाड पुरेसं हवं, साखर आटोक्यात हवी, तंबाखू बंद हवी.

सड्यावरची

थोडं वेगळं मत मांडते. दाढ वाचवावी हे बरोबर, पण काढणं म्हणजे पाप असंही कुणी समजू नये. माझ्या सासऱ्यांच्या उरलेल्या दाढा इतक्या हलत होत्या की जेवण म्हणजे शिक्षा झाली होती. डॉक्टरांनी सगळ्या काढून कवळी केली आणि ते आता दोन्ही वेळ नीट जेवतात. आम्हाला मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं की दात काढल्यावर हाड झिजत राहतं आणि काही वर्षांनी कवळी सैल होते, ती पुन्हा बसवून घ्यावी लागते. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना विश्रांती द्यायची. गरम पाण्यात घालायची नाही, वाकडी होते. वेगळ्या मऊ ब्रशनं, साध्या साबणानं धुवायची.

दाढ काढल्यानंतरचंही इथे असू दे. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. पहिले चोवीस तास चूळ जोरात भरायची नाही, थुंकत राहायचं नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते ती निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी भयंकर ठणका लागतो. विडी-सिगारेटवाल्यांना हा त्रास जास्त. थंड पेज, ताक, मऊ भात चालतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या गुळण्या.

अबोली

सड्यावरची, अगदी बरोबर. हलणाऱ्या दाढा हा वेगळा प्रश्न आहे, तो हिरड्यांचा. त्या टप्प्यावर येण्याआधीच वर्षातून एकदा-दोनदा स्केलिंग, म्हणजे मशीननं दातांची सफाई, करून घेतलं असतं तर बरेच दात राहिले असते. स्केलिंगनं दात हलतात ही समजूत काढून टाका. दातांवर दगडासारखा कीटण साचतो, हिरडी सुजते, हाड खाली जातं. कीटण काढल्यावर सूज उतरते, फट दिसायला लागते, काही दिवस थंड झोंबतं. लोकांना वाटतं मशीननं दात घासून टाकले. मशीन कंप आणि पाण्यानं फक्त कीटण उडवतं.

धालोराचो

माज्या आजयेन जल्मभर मशेरी लावल्यान. ती म्हणायची, मशेरेन दात घट ऱ्हवतत. आता माजी आवस तीच मशेरी भाजता. तिका कसां समजावचां?

अबोली

ह्या प्रश्नासाठी धन्यवाद, आपल्याकडे ह्यावर मोकळेपणानं बोललंच जात नाही, विशेषतः बायकांच्या बाबतीत. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. ती हिरडीला लावली की निकोटिननं दुखणं तात्पुरतं कळत नाही, म्हणून बरं वाटतं, आणि सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं बायका सांगतात. तेही व्यसनाचंच लक्षण. हिरडी मागे सरकते, मुळं उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सुपारीचंही तेच. श्रीवर्धन-गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्या बागा सुपारीच्या, हे कितीही खरं असलं तरी तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. सतत चघळल्यानं गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ होते, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची उभी तीन बोटं तोंडात मावत नसतील तर दाखवायला जा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्याकडे कॉलेजची मुलं अशी ताठ तोंडं घेऊन येतात. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दुखत नसला तरी दाखवा. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

आवशीला "सोड" म्हणून ती सोडणार नाही. तिला एकदा दवाखान्यात घेऊन जा आणि आरशात तिच्याच हिरड्या दाखवायला सांगा. माझा अनुभव आहे, बायका स्वतः बघितल्यावर ऐकतात.

बकुळ

मी दापोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांबद्दल दोन गोष्टी पालकांना सांगून सांगून थकले, इथेही सांगते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागेवरचा कुठलाही दात पडलेला नसतो, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तर "पडेलच" म्हणतात. ती कायमची दाढ असते. दुधाचे दात वीस, पण ह्या चार दाढा त्या विसांत नाहीत. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा दातांचीही नोंद होते. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

दुसरी, मे महिन्यात मुलं आंब्यावर चढतात, अंगणात क्रिकेट खेळतात, आणि पुढचा दात मुळासकट निघून हातात येतो. तो कायमचा दात असेल तर चावायच्या टोकाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा आणि जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवून रुमाल चावायला द्या. नाहीतर वाटीभर थंड दुधात टाका आणि निघा. अर्ध्या-एक तासात पोचलात तर दात पुन्हा धरू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

जेटीवरचा

बकुळताई, दूध नसेल तर शहाळ्याचं पाणी चालेल का? आमच्याकडे ते आधी मिळेल.

अबोली

शहाळ्याच्या पाण्यावर अभ्यास झालेले आहेत, पण ते थोडं आम्लधर्मी असतं. शेजारच्या घरात दूध असेलच, ते घ्या. काहीच नसेल तर जाणत्या मुलाला तो दात गालात धरायला सांगा. साध्या पाण्यात मात्र ठेवू नका.

चाकरमानी

गणपतीला जाणाऱ्यांसाठी लिहितो. बरेच जण चतुर्थीच्या सुट्टीत गावी दाढ उघडतात, तात्पुरतं सिमेंट भरून मुंबईला येतात आणि मग विसरतात. ते सिमेंट काही आठवड्यांपुरतं असतं. ते झिजलं की लाळ आत जाते आणि साफ केलेल्या नळ्या पुन्हा खराब होतात. सुरुवात गावी केली तर नळ्या भरून होईपर्यंत गावीच करा, कॅप मुंबईत बसवली तरी चालते. एक्स-रे फोनवर घेऊन ठेवा, कोणती दाढ आणि काय केलं ते कागदावर लिहून घ्या. दुसऱ्या डॉक्टरला त्याशिवाय काही कळत नाही.

पावसाळ्यात कॅपला उशीर झाला तर डॉक्टरांवर चिडू नका. लॅब घाटावर असेल आणि कुंभार्ली किंवा आंबा घाटात दरड आली तर पार्सल अडकतं.

रायवळ

एक इशारा राहिला. आठवडी बाजारात, जत्रेत "तासाभरात पक्का दात" बसवून देणारे बसतात. ते तयार दात प्लॅस्टिकच्या मसाल्यानं शेजारच्या दातांना चिकटवून टाकतात. त्याखाली ब्रश जात नाही, अन्न कुजतं आणि धरलेले चांगले दातही जातात. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा काढणारेही अजून भेटतात. बी उष्णतेनं फुटलं की आतला पांढरा अंकुर बाहेर येतो, तोच किडा म्हणून दाखवतात. दाताची कीड म्हणजे जंतू, साखरेपासून आम्ल तयार करून ते दात पोखरतात. डोळ्यांना दिसणारी अळी कुठल्याच दाढेत नसते.

खाडीपलीकडची

कळवायला उशीर झाला. तुमच्या प्रश्नांची यादी भावाला पाठवली. तो आईला गुहागरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी एक्स-रे समोर धरून दाखवलं, हाड चांगलं आहे, दाढ हलत नाही. साखरेचा रिपोर्ट मागितला, खर्च लिहून दिला, धातूची कॅप स्वतःहून सुचवली. दाढ काढायला सांगणाऱ्या डॉक्टरांबद्दलही वाईट बोलले नाहीत, म्हणाले, पेशंटला फेऱ्या जमणार नाहीत असं वाटलं की आम्हीही कधी कधी काढायला सांगतो. मला ते फार पटलं.

नळ्या भरून झाल्या आहेत, माप दिलंय, कॅप यायची आहे. आई रात्री झोपते. इंजेक्शन कळलंच नाही म्हणाली, आणि आता वाडीतल्या दोघींना घेऊन जायचं म्हणते आहे.

एक शंका: कॅप येईपर्यंत त्या बाजूनं खायचं का? आणि कॅपनंतर काय काळजी घ्यायची?

अबोली

वाचून खूप बरं वाटलं. कॅप येईपर्यंत त्या बाजूनं काही कडक चावू नये, आत्ता दाढ सर्वांत नाजूक आहे. चावताना थोडं दुखरं काही दिवस राहतं. वाढत गेलं, सूज आली किंवा सिमेंट निघालं तर लगेच फोन करायचा. कॅप बसवताना डॉक्टर निळा कागद चावायला देतील, त्या वेळी जराही उंच वाटलं तर सांगायचं, "सवय होईल" म्हणून गप्प बसायचं नाही.

नंतर कॅप आणि हिरडी यांच्या सांध्यावर ब्रश फिरला पाहिजे. कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा दात किडू शकतो, आणि नस नसल्यामुळे तो दुखून इशारा देत नाही. मऊ ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट, रात्री झोपताना एकदा नक्की. कोकम सरबत किंवा लिंबू प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, आधी साध्या पाण्यानं चूळ आणि अर्ध्या तासानं ब्रश. सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे दाखवायला जाऊ दे. वाडीतल्या दोघी जाणार असतील तर तिघींनी एकाच दिवशीची वेळ घ्यावी, रिक्षाही एकच लागेल.